नाव, पत्ता, फोन नंबर

४ फेब्रुवारी

मामा,

परवा फोनवर तुला माझ्या नव्या नोकरीबद्दल सांगत होते, तेव्हा तू कुणाच्या तरी ओट्याखाली आडवा झाला होतास आणि दर वाक्याला "काय?" म्हणत होतास. शेवटी मामीला जाऊन सांगितलंस की बारकी टेलिफोन खात्यात लागली. हे मामीनंच मला कळवलं. म्हणून आता कागदावर लिहिते. चष्मा लावून वाच.

मी टेलिफोन खात्यात नाही. आमचं ऑफिस म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सहा माणसं आणि एक पंखा. प्लंबर, सुतार, रंगारी, फरशीवाले यांची नावं इंटरनेटवर ठिकठिकाणी नोंदलेली असतात, कुठे नकाशात, कुठे शहराच्या यादीत. एका ठिकाणी जुना पत्ता, दुसरीकडे बंद पडलेला नंबर, तिसरीकडे नावच चुकलेलं. बघणारा म्हणतो, हा गृहस्थ आहे की गेला कोण जाणे. इंटरनेटचं यंत्रही तसंच म्हणतं आणि भलत्याच कुणाला वर दाखवतं. आम्ही सगळीकडे नाव, पत्ता, फोन नंबर एकसारखा करून ठेवतो, अगदी काना-मात्रेसकट. काम किचकट आहे. मला आवडतं.

मी अजून पक्की झालेले नाही. मार्चअखेर मॅडमपुढे एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायचंय, त्यावर ठरणार. कुणाचंही घ्या म्हणाल्या. मी तुझं घेतलं.

तू अकरा ठिकाणी आहेस, मामा. पाच ठिकाणी 'एकमेव प्लंबिंग', दोन ठिकाणी 'एकमेव प्लम्बींग अँड सॅनिटरी', एका ठिकाणी 'एकमेक प्लंबिंग'. त्या पाचांतल्या एकात नाव बरोबर आहे, पण खाली धंदा लिहिलाय केशकर्तनालय. नकाशातली तुझी खूण तळ्याच्या मधोमध आहे. एका नंबरात शेवटचा आकडा चुकलाय, तिथे फोन केला तर जनावरांचे डॉक्टर निघाले. म्हणाले, "चार वर्षं तुमच्या मामांचे फोन घेतोय. गळती सांध्यातून आहे की पाइपातून, हे आता मलाही सांगता येतं."

उरलेल्या तीन ठिकाणी अजून 'जोडी प्लंबिंग' आहे. तुझी आणि लंबूकाकांची जोडी मोडून सहा वर्षं झाली, म्हणून विचारते, त्या तिन्हींचं काय करू? आणि बाकी सगळीकडे नेमकं काय लिहू ते कळव. नाव, पत्ता, फोन नंबर. सुवाच्य अक्षरात.

बारकी

१० फेब्रुवारी

बारके,

चष्मा लावून वाचलं. मामीलाही वाचून दाखवलं. केशकर्तनालयापाशी तिच्या हातातला चहा ओट्यावर सांडला. मग माझ्या डोक्याकडे बघून परत हसली. डोक्यावर काही उरलेलं नाही हे मला ठाऊक आहे, तुम्ही दोघींनी इतकं मनावर घेऊ नये.

खरं सांगू का, मला याची काही गरज नाही. माझं काम तोंडोतोंडी चालतं. गिऱ्हाईक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतं माहितीये? "तुमच्यासारखा माणूस नाही असं ऐकलं, म्हणून फोन केला." दर आठवड्याला दोन-तीन तरी असे. कोणाकडून ऐकलं ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. नाव झालं की असंच होतं. पण तुझी नोकरी पक्की होणार असेल तर माझं नाव हवं तिथे हवं तसं लिही. खालच्या चौकटीत सगळं अक्षर जपून लिहिलंय. तळ्यातून तेवढं बाहेर काढ, मला पोहता येत नाही.

'जोडी' पुसून टाक. तिन्ही ठिकाणची.

तू तेव्हा लहान होतीस, तुला अर्धंमुर्धंच माहीत असणार. बावीस वर्षं आम्ही दोघांनी एकाच पिशवीतली हत्यारं वापरली. मग एका छापखान्यात त्यानं बसवलेला जोड सुटला आणि कोऱ्या कागदाच्या थप्प्या भिजल्या. मी बोललो. कुणीही बोललं असतं. सहाव्या दिवशी त्याचा शेजारी पिशवी घेऊन दारात उभा. ना चिठ्ठी, ना निरोप. पुढे कानावर आलं की गडी बांधकाम कंपनीत साहेब झाला. होऊ दे. मी नवी पाटी रंगवून घेतली. रंगाऱ्यानं विचारलं, "एकमेव कशात?" म्हटलं, "तू रंगव."

मामी म्हणते, पत्रात इतकं रागवून लिहू नका, पोरगी घाबरेल. मी रागावलेलो नाही.

मामा

१७ फेब्रुवारी

मामा,

तुला तळ्यातून काढलं. आता तू तुझ्या दुकानाच्या दारात आहेस. केशकर्तनालय गेलं, 'एकमेक' गेलं, जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं की सुटलात. ते म्हणाले, थोडं चुकल्यासारखं वाटेल. आठही ठिकाणी आता तू एकाच नावाचा आहेस.

'जोडी'च्या दोन नोंदी मेलेल्या होत्या, त्या काढल्या. तिसरी मात्र जिवंत आहे.

म्हणजे कोणीतरी ती चालवतंय, मामा. गेल्या महिन्यात कामाच्या वेळा बदलल्यात. त्रेसष्ट लोकांनी रिव्ह्यू लिहिलेत, जवळजवळ सगळ्यांनी पाचपैकी पाच स्टार दिलेत, आणि प्रत्येकाखाली 'जोडी'कडून आभाराचं उत्तर आहे. तुझ्या 'एकमेव'ला आठही ठिकाणी मिळून रिव्ह्यू चार. त्यातला एक मामीचा आहे, मी ओळखला.

नोंदीत नंबर आहे तो तुमच्या जुन्या दुकानाचा. तो लंबूकाका घरी घेऊन गेले होते ना? मला लिहायला बरं वाटत नाही, पण सरळ दिसतंय ते असं, की ते तुमच्या दोघांच्या नावावर एकटेच कामं घेतायत. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर उभं राहून मी छताला हात लावायचे, त्यांच्याबद्दल असं लिहिताना हात जड होतो. पण त्रेसष्ट गिऱ्हाइकं म्हणजे थोडी नाहीत.

तक्रार करून नोंद बंद करता येते. सोबत अर्ज पाठवतेय. तिसऱ्या रकान्यात सही करून परत पाठव.

बारकी

२१ फेब्रुवारी

बारके,

सही केली आहे. पाठव अर्ज.

साहेब झाला म्हणत होते ना? आणि मागून हे उद्योग. त्रेसष्ट. मी इथे एकेका वॉशरसाठी तीन-तीन जिने चढतोय. माझा राग आता गेला असं समज, उरलाय तो नुसता तिरस्कार. तो शांत असतो. मी शांत आहे.

एक विचारायचं होतं. तो लोकांना उत्तरं देतो म्हणालीस, ती काय देतो? दोन-चार लिहून पाठव. सहज. त्याला धड एक ओळ लिहिता येत नव्हती, बिलावर 'नळ' सुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायचा.

मामा

ता. क. मामी लिहितेय. अर्जाचे दोन कागद यांनी वाया घालवले. एकावर सही चौथ्या रकान्यात केली, दुसऱ्यावर चहाचा कप ठेवला. हा तिसरा, मी शेजारच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणलाय. तुला काय समजायचं ते समज.

२ मार्च

मामा,

अर्ज मी पाठवलेला नाही. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आमच्याकडे नियम आहे की कुठलीही नोंद बंद करायला सांगण्याआधी तिथल्या नंबरावर स्वतः फोन करायचा. मी आवाज जरा जाड केला आणि गिऱ्हाईक झाले. म्हटलं, ओट्याखाली पाणी गळतंय. दुसऱ्या रिंगला फोन उचलला. "जोडी प्लंबिंग, बोला." आवाज तोच, फक्त थोडा म्हातारा झालेला. त्यांनी विचारलं, पाणी सतत गळतं की नळ सोडल्यावरच? गार की गरम? खाली बादली ठेवली का? मग ओट्याखालचा व्हॉल्व्ह कसा शोधायचा ते सांगितलं. "घाई करू नका, ताई. मी आहे फोनवर." माझ्या ऑफिसात ओटाच नाही, पण मी खाली वाकून बघितलं.

मग म्हणाले, "आता कागद-पेन्सिल घ्या." आणि एकेक आकडा दोनदा सांगून नंबर दिला.

तो तुझा नंबर होता, मामा.

"हा माणूस तासाभरात येईल," म्हणाले. "त्याच्यासारखा माणूस नाही. फक्त मी पाठवलं असं त्याला सांगू नका. ऐकलं म्हणा, कुठेतरी ऐकलं."

मी म्हटलं, "लंबूकाका, मी बारकी." पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर मी दोनदा केला, कोणी उचलला नाही.

मग बसून त्रेसष्टच्या त्रेसष्ट रिव्ह्यू नीट वाचले. आधी मी फक्त मोजले होते, ही माझी चूक. "आलेले गृहस्थ काम करताना सारखी शीळ वाजवत होते, पण गळती थांबली." "जाताना मोरी पुसून गेले." "डोक्याला टक्कल, स्वभावानं तापट, कामात पक्के." हे लंबूकाका नाहीत. त्रेसष्टही कामं तुझी आहेत. लोकांनी 'जोडी'ला फोन केला, तू जाऊन आलास, आणि आभार त्यांनी 'जोडी'लाच मानले. उत्तरं विचारली होतीस ना? सगळ्यांखाली साधारण एकच आहे. "धन्यवाद. निरोप त्यांना पोहोचवतो." एकालाच वेगळं लिहिलंय, त्या शीळवाल्याला. "शीळ बेसूर आहे हे मान्य. बावीस वर्षं ऐकली आहे."

मी तुझ्या मित्राला चोर ठरवलं आणि तुझी सही घेतली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

बारकी

६ मार्च

चि. बारकीस,

तुमच्या ऑफिसचा पत्ता इंटरनेटवर सापडला. अगदी बरोबर होता. फोन ठेवला त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस, घाबरलो होतो.

हे पत्र मी सांगतोय आणि तुझी काकू लिहून घेतेय. मला पेन धरवत नाही. सात वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला, मग डाव्याला. आधी वाटलं थकवा असेल. पान्हा निसटायला लागला तेव्हा समजलं. पण तुझ्या मामाला सांगणार कसं? त्याच्यासारख्या तरतरीत माणसाला? (मी म्हणत होते, सांगा. रोज म्हणत होते. हे यांनी सांगितलेलं नाही, मी माझ्या मनानं लिहितेय.) छापखान्यातला जोड माझ्या हातून नीट आवळला गेला नव्हता. पाणी बघून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या हातात काय भुसा भरलाय का?" त्याला काही माहीत नव्हतं. पण त्यानं नेमकं तेच विचारलं. मी पिशवी पाठवून दिली. चिठ्ठी लिहायला बसलो होतो, अक्षर उमटलं नाही. (मला सांगितलं असतं तर मी लिहिली असती. आणि ती बांधकाम कंपनी कोणी काढली देव जाणे. दोन वर्षं हे खिडकीत बसून होते.)

मग जुन्या नंबरावर लोकांचे फोन यायला लागले. सवयीनं घ्यायला लागलो. ऐकून मला कळतं गळती कुठे आहे, त्याला हात लागत नाहीत. शेजारच्या बाईंनी इंटरनेटवर नाव घालून दिलं. उत्तरं तुझी काकू टाइप करते. दिवसातून चार-पाच फोन येतात. ज्या दिवशी येत नाहीत तो दिवस सरत नाही.

तुला ते पुसावं लागणार असेल तर पूस, तुझं काम आहे. फक्त आधी दोन दिवस कळव, म्हणजे मी वाट बघणार नाही. आणि मामाला यातलं काही सांगू नकोस. तेवढं वचन दे.

तुझा लंबूकाका

(वचन यांनी मागितलंय. मी मागितलेलं नाही. पत्र माझ्या अक्षरात आहे, म्हणजे अर्धं माझंही आहे. माझ्या अर्ध्याचं तुला हवं ते कर. काकू)

९ मार्च

मामा,

सोबत एक पत्र आहे. ज्यांनी सांगितलं त्यांची इच्छा तू ते वाचू नयेस अशी आहे. ज्यांनी लिहिलं त्यांची वाचावंस अशी आहे. मी दोन रात्री विचार केला आणि काकूंच्या बाजूनं गेले. लंबूकाका चिडले तर त्यांची समजूत मी काढीन.

नोंदीचं काय करायचं ते तूच ठरव. माझी परीक्षा अठ्ठावीसला आहे, पण ती बाजूला ठेव.

बारकी

१९ मार्च

बारके,

उत्तराला दहा दिवस लागले. पहिले चार दिवस मी पत्र खिशात घेऊन फिरलो. मामीला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "हाताचं कानावर आलं होतं. तुम्ही घरात त्याचं नाव काढू देत नव्हतात. तुम्ही विचारलंत कधी?" नव्हतं विचारलं. एकाच गावात सहा वर्षं राहून मी फक्त रस्ते बदलत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी गेलो. वाटेत काय बोलायचं ते घोकलं होतं. दार वहिनींनी उघडलं. तो खुर्चीत बसला होता, हात मांडीखाली दाबून. तसाच लांबलचक, फक्त वाळलाय. मी घोकलेलं सगळं विसरलो. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तेवढ्यात ओट्याकडून टप टप ऐकू आलं.

मी म्हटलं, "नळ गळतोय तुझा."

तो म्हणाला, "चार महिने झाले."

"दुसरा कोणी प्लंबर नाही का गावात?"

"आहे. पण एकमेव आहे."

मी सरळ ओट्याखाली शिरलो. बारके, तुला सांगतो, समोर उभं राहून मला ते बोलता आलं नसतं. तिथे अंधारात, तोंडावर पाइप, तिथून मी म्हटलं, "छापखान्यात बोललो ते चुकलं माझं. मला माहीत नव्हतं रे." वाटलं ऐकूच गेलं नाही. मग त्याचे पाय ओट्यापाशी आले आणि तो खाली बसला. दोन्ही हात माझ्यासमोर धरले. पानं हलावीत तसे हलत होते. "बघ," म्हणाला, "भुसाच भरलाय." आणि हसायला लागला. मी हसलो की रडलो ते सांगता येत नाही, कारण त्याच वेळी वॉशर निघाला आणि पाणी माझ्या तोंडावर आलं. मेन कॉक बंद करायचा राहिला होता. चाळीस वर्षांच्या कामात पहिल्यांदा. वहिनींनी धावत जाऊन बंद केला.

मी तोंड पुसतोय तोवर फोन वाजला. कोणा बाईंची टाकी भरत नव्हती. तो विचारू लागला, आवाज कसला येतोय, सळसळ की घरघर? मी म्हटलं, "फ्लोट अडकला असेल." त्यानं मला हातानं गप्प केलं आणि आणखी दोन प्रश्न विचारले. मग फोन झाकून म्हणाला, "फ्लोट नाही. खालचा व्हॉल्व्ह कोणीतरी अर्धा फिरवलाय." मी बाईंकडे जाऊन बघितलं. अर्धा फिरवलेला होता. मी आयुष्यभर हातानं शोधत आलो, हा बसल्या जागी ऐकून सांगतो.

आणि ते "तुमच्यासारखा माणूस नाही असं ऐकलं". मला वाटायचं गावभर माझी कीर्ती पसरली आहे. एकटा तोच सांगत होता. मामी हे सगळ्यांना सांगत सुटली आहे, सांगू दे.

आता नोंदीचं. नावावरून आमचं दोन दिवस भांडण चाललं. मी म्हटलं 'जोडी', तर हा म्हणतो पाटी चांगली रंगवलीयेस, 'एकमेव' राहू दे, मी काय नुसता फोन घेणार. शेवटी वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं बाहेर जा." त्या आणि मामी बसल्या आणि दहा मिनिटांत ठरवून आल्या. नाव: जोडी प्लंबिंग. पत्ता: माझं दुकान. फोन: त्याचा. मी आता कामावर फोन नेतच नाही, एकदम शांत वाटतं. तो रोज नऊला दुकानात येतो, त्यानं जुना नंबर तिथे हलवून घेतलाय.

म्हणजे तू आठ ठिकाणी केलेलं सगळं परत करावं लागणार. माफ कर.

मामा

३० मार्च

मामा,

आठ ठिकाणी नाव बदललं, आठ ठिकाणी नंबर बदलला. एक वेबसाइट मला विचारत होती की एका महिन्यात दोनदा नाव बदलणारा हा माणूस खरा आहे का. तुमच्या नव्या पाटीचा फोटो पाठवला तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. त्रेसष्ट रिव्ह्यू जसेच्या तसे आहेत. आता पासष्ट झालेत, त्यातला एक टाकीवाल्या बाईंचा आहे.

परवा मॅडमपुढे सगळं दाखवलं. त्या फार बोलत नाहीत. कागद उलटत म्हणाल्या, "हे काम तुम्ही दोनदा केलेलं दिसतंय. पहिल्यांदा काय चुकलं?"

मी म्हटलं, "पहिल्यांदा सगळीकडे माहिती एकसारखी होती, पण खरी नव्हती."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, ओट्याखालच्यासकट. पंखा बंद करून ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, सोमवारपासून पक्क्या समजा. आणि यापुढे रिव्ह्यू नुसते मोजायचे नाहीत, आधी वाचायचे, हे सगळ्यांना सांगा.

काम बंद करण्याआधी एक शेवटचा कागद भरायचा असतो. नोंदीतल्या नंबरावर फोन करायचा आणि चार रकाने भरायचे. मी काल सकाळी साडेनऊला केला, तुम्हाला कळू न देता. लंबूकाका म्हणाले, "जोडी प्लंबिंग, बोला." मी बोलणार, तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, "कोण आहे रे? गार की गरम, ते विचार." ते म्हणाले, "विचारतोय ना, जरा दम धर." तू म्हणालास, "बादली ठेवायला सांग." मग बराच वेळ तुम्ही दोघंच बोलत होतात, गिऱ्हाईक विसरून. मी ऐकत बसले.

नाव: जुळतं. पत्ता: जुळतो. नंबर: जुळतो. चौथा रकाना होता, फोन कोणी उचलला. तिथे एकाच माणसाचं नाव मावेल एवढी जागा असते.

मी लिहिलं, दोघांनी.

बारकी